कानाची विद्या आणि काट्याची विद्या

आमच्या अंबडच्या वस्तीतला एक मुलगा दहावीनंतर गॅरेजवर कामाला लागला. चाके खोलणे, ऑइल बदलणे, चेन धुणे ही सारी कामे त्याच्याकडे. मात्र कार्ब्युरेटर सेट करण्याची वेळ आली, की मिस्त्री त्याला चहा आणायला पिटाळीत. एकदा त्याने धीर करून विचारले, तर उत्तर मिळाले, “ते कानाचं काम आहे. तुमच्या कानाला नाही जमायचं.” ‘तुमच्या’ या शब्दावरचा जोर पोराला बरोबर कळला. रात्री घरी येऊन म्हणाला, “काका, खरंच कानाचंच असतं का हो ते?”

मी पडलो कॉमर्सचा माणूस. कचेरीत जमा-नावे जुळवण्यात उमर गेली. पण हा प्रश्न नुसत्या यंत्राचा नव्हता, म्हणून स्वस्थ बसवेना. चार जाणत्यांना विचारले, मॅन्युअल वाचले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

कार्ब्युरेटरचे काम साधे आहे. इंजिन हवा आत ओढते, त्या हवेत पेट्रोल बारीक फवाऱ्यासारखे मिसळून सिलिंडरकडे जाते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सिलिंडर एक आणि कार्ब्युरेटरही एकच. 1985 साली आलेली सीडी-100 असो की 1994 ची स्प्लेंडर, तिथे आयडलिंगचा आणि मिश्रणाचा स्क्रू नीट बसवला की झाले. काही गाड्यांना मात्र दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर. एस्कॉर्ट्सची 1983 साली निघालेली राजदूत 350 त्यातलीच. तिच्या दोन्ही स्लाइड एकाच वेळी उठतात की नाही हे पाहून केबल जुळवावी लागे.

दोन कार्ब्युरेटर म्हणजे एका गाडीला जुंपलेले दोन बैल. एक ओढतो आणि दुसरा मागे राहतो, तेव्हा नुसता वेग कमी होत नाही, जू वाकडे होते. गाडी आयडलिंगला थरथरते, अ‍ॅव्हरेज पडते, दोन प्लगचे रंग वेगळे दिसतात.

ही जुळणी मोजायची कशी? कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्या मधल्या जागेत, इंजिन हवा ओढते तेव्हा व्हॅक्यूम तयार होतो. ज्या बाजूची झडप जास्त बंद, त्या बाजूचा व्हॅक्यूम जास्त. तिथे बारीक तोंड ठेवलेले असते. त्याला नळी लावून व्हॅक्यूम गेज जोडला की काटा ओढ किती ते सांगतो. दोन बाजूंना दोन गेज. काटे सारखे झाले, की बैल बरोबरीने चालले!

माझा पुतण्या वाळूजला कारखान्यात आहे. त्याने जुनी, दोन सिलिंडरची चार-स्ट्रोक गाडी घेतली होती आणि ती थरथरत होती. एका रविवारी तो गेजची जोडी घेऊन अंबडला आला. अंगणात गाडी उभी केली. पेचकस वस्तीतल्या त्या मुलाच्या हाती, वही-पेन माझ्या अकरावीतल्या मुलीकडे. आमच्या सौ.ची अट एकच, इंजिन घरात सुरू करायचे नाही. अट योग्यच होती. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत जीव घेतो.

आधी एअर फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हचे अंतर तपासले. हवेची गळती नाही ना, ते पाहिले. हे नीट नसेल तर काट्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन गरम होऊ दिले. दोन्ही गेज आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावून ते आपापसांत सारखे दाखवतात का, याची खात्री केली. एका तोंडावर पेट्रोल कॉकची नळी होती. ती नुसती काढून ठेवली असती, तर थोड्या वेळाने पेट्रोल थांबले असते, म्हणून तिथे टी-जोड बसवला. मग दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांडीवरचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा, एकदा रेस देऊन सोडायची आणि पुन्हा वाचायचे. मुलगी आकडे बोलत होती, पोरगा स्क्रू फिरवत होता. पाऱ्याच्या हिशेबात 6 सेंटिमीटरचा फरक होता, तो 1 वर आला. बऱ्याच मॅन्युअलांत 2 सेंटिमीटरपर्यंत चालते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम समजावा. शेवटी आयडलिंग पुन्हा बसवले आणि तोंडे टोपणांनी घट्ट बंद केली. थरथर गेली. पोराने वही मागून घेतली आणि आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

गेज घेणे परवडत नसेल, तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आठवा. तशी तीन-चार मीटर नळी फळीवर यू आकारात बांधावी, तळाशी थोडे टू-टी ऑइल घालावे आणि दोन टोके दोन तोंडांना लावावीत. ज्या बाजूची ओढ जास्त, तिकडे तेल चढते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की जुळणी झाली. पाऱ्याचा 2 सेंटिमीटर फरक तेलात सुमारे 30 सेंटिमीटर दिसतो. म्हणून फळी उंच हवी, आणि तेल वर धावू लागले तर इंजिन लगेच बंद करावे. पारा मात्र घरी कधीही आणू नये, तो विषारी आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. मग ही विद्या वाया गेली का? नाही. कार्ब्युरेटर नसला तरी दोन सिलिंडरना हवा सारखीच लागते. आणि गावोगाव जुन्या गाड्या अजून धावताहेत.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. 1942 मध्येच त्यांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शास्त्र आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. यंत्राची विद्या आपल्या मुलांच्या हाती यावी हा त्यामागचा विचार. तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. मुरलेल्या मिस्त्रीचा कान खोटा नसतो, तो वर्षांच्या मेहनतीने तयार होतो. पण जी विद्या केवळ कानात राहते, ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे कानवाला ठरवतो. काटा तसे करीत नाही. तो सर्वांना एकच आकडा दाखवतो, वाचणाऱ्याचे आडनाव विचारत नाही.

तो मुलगा त्याच गॅरेजवर आहे. परवा मिस्त्रींनी चहा आणायला सांगितला, तो त्याने आणला. मग म्हणाला, “मिस्त्री, गेज लावून बघू का?” मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “लाव.”

आपल्या घरातला मुलगा गॅरेजवर असेल, किंवा मुलीला यंत्राची आवड असेल, तर त्यांना आधी मोजायला शिकवा. आयटीआयचा फॉर्म भरायला मदत करा. कान पुढे आपोआप तयार होईल.

जय भीम!