मातीचे मुरणे

लोणचे मुरते हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु मातीही मुरते, ही गोष्ट कुंभारवाड्याबाहेर फारशी कोणास माहीत नसते. म्हणूनच पावसाळ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या मातीवर हिरवट-काळी बुरशी चढलेली दिसली आणि गोणपाट उचलताच कुजकट वास नाकात शिरला, की नवशिक्यास वाटते, माती नासली. तो ती उकिरड्यावर टाकावयास निघतो. जाणता कारागीर मात्र तीच माती चिमटीने घेतो, तिची वळी करून बोटाभोवती गुंडाळतो, आणि वळीस तडा गेला नाही असे पाहून ती पुन्हा झाकून ठेवतो. माती खणून आणणे, वाळवणे, कुटणे, चाळणे, भिजवणे व तुडवणे यांत किती दिवस जातात हे लक्षात घेतले, म्हणजे या दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

या प्रश्नाचा विचार छत्रपती संभाजीनगराच्या परिसरात करणे विशेष उचित होय. १६१० साली मलिक अंबरने खडकी या नावाने वसवलेले आणि पुढे दीर्घकाळ औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले हे शहर भाजलेल्या मातीचे मोठे ऋणी आहे. येथील जुन्या नहरींच्या व्यवस्थेत पाणी खेळवण्यासाठी खापरी नळ वापरलेले होते. पाणचक्कीस पाणी पोचले तेही अशाच नळांतून. शहराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, गोदाकाठी, सातवाहनांचे पैठण आहे. तेथे आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे दोन साच्यांत दाबून घडवलेल्या पांढऱ्या, मऊ मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. मातीचा स्वभाव ओळखणारे हात या भूमीत दोन हजार वर्षे राबत आले आहेत.

तो स्वभाव येथे काही सोपा नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या असतील, त्यास निव्वळ काळ्या मातीचा माठ वाळताना का तडकावा हे निराळे सांगावयास नको. म्हणून कुंभार तीत नदीचा पोयटा मिसळतो, राख घालतो, आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद मळतो. लिदीतील गवताचे बारीक तंतू ओल्या भांड्यास आतून धरून ठेवतात. मात्र मातीत लीद गेली, की तेथे सूक्ष्मजीवांचे अन्नछत्रच उघडले म्हणावयाचे.

माती मुरते म्हणजे नेमके काय होते? पहिले काम पाण्याचे. चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म व पत्र्यासारखे चपटे असतात. एका मिलिमीटरात असे पाचशे कण शेजारी शेजारी मांडले तरी जागा उरेल. प्रत्येक पत्र्याभोवती पाण्याचा पातळ थर बसला, तरच पत्रे एकमेकांवरून घसरतात आणि माती चाकावर बोटांचे ऐकते. आज भिजवून आज मळलेल्या मातीत बाहेरून ओल दिसली, तरी ढेकळांच्या पोटात कोरडेपणा राहतो. पाणी सर्वत्र समान पसरावयास दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. या कामात घाई चालत नाही.

दुसरे काम जिवांचे. मातीत मुळातच असंख्य जिवाणू असतात. लीद, पालापाचोळा व मुळांचे तुकडे यांवर ते पोसतात आणि चिकट द्राव व सौम्य आम्ले बाहेर टाकतात. द्रावाने माती लवचिक होते. आम्लांच्या योगाने कण विरळ पुंजक्यांनी एकमेकांस धरू लागतात, त्यामुळे ओढलेली भिंत खाली न बसता उभी राहते. बुरशी ही या संसाराची केवळ वरची निशाणी होय. तिला हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावरच वाढते. आत, जेथे हवा पोचत नाही, तेथे निराळ्या जातीचे जिवाणू राबतात. ते मातीतील लोहाचे रूप पालटतात, म्हणून तांबूस माती आतून करडी किंवा निळसर काळी निघते. त्यांच्यापैकी काहींच्या क्रियेतून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो. असा गोळा कापून मोकळ्या हवेत ठेवला, की वास ओसरू लागतो आणि हळूहळू मूळचा रंगही परततो.

ही जाण केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. तेराव्या शतकात चीन पाहून आलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात, चिनी मातीचे ढीग तीस-चाळीस वर्षे ऊन, वारा, पाऊस खात पडू देतात आणि बाप जो ढीग रचतो तो मुलांच्या उपयोगी पडतो, असे सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकास असे आढळले, की गवताच्या काढ्याने व वनस्पतींतील तुरट द्रव्याने मातीची लवचिकता वाढते. प्राचीन मिसर देशात विटांच्या मातीत पेंढा घालीत, त्यावरून त्याने अशा मातीस मिसरचे नाव दिले. लीद मळणाऱ्या कुंभारास या शोधाचे फारसे नवल वाटले नसते.

आता अग्नीकडे वळू. आव्यात भांडे तापले, की बुरशी, जिवाणू, त्यांचा द्राव व लिदीचे तंतू सारे जळून जाते. आच घाईने दिली किंवा हवा कमी पडली, तर जळण्याचे हे काम अपुरे राहते. फुटक्या खापराच्या कडेस दोन तांबड्या थरांच्या मधोमध जो काळा पट्टा दिसतो, तो बहुधा याच अपुऱ्या ज्वलनाचा. तंतू जळाले, की त्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर वाऱ्याने उडून जाते, आणि जाताना माठातील उष्णता घेऊन जाते. साठवणीच्या कोपऱ्यात ज्या लिदीचा वास नकोसा वाटला, तीच वैशाखात पाणी गार करण्यास हातभार लावते.

परंतु जेथे अग्नी नाही, तेथे हिशेब उलटा होतो. याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचा गिलावा असून त्यात भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. तो कधी भाजला गेला नाही. त्यामुळे तंतू अन्न म्हणूनच राहिले, आणि कीटकांनी तो गिलावा ठिकठिकाणी पोखरला. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह व येथील मराठवाडा विद्यापीठाचे मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. तेथे कीटकांचा उपद्रव झाला नाही, याचे श्रेय त्यांनी या तंतूंस दिले. यावरून बोध असा, की शाडूची मूर्ती न भाजता रंगवावयाची असेल, तर बुरशीची हयगय करू नये. मूर्ती वाऱ्यावर पुरती वाळू द्यावी. ओल आत राहून वर रंग बसला, तर डाग रंगाखालून डोके वर काढतात.

मातीस बुरशी बाधत नाही, पण माणसास बाधू शकते. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत गेले, तर दमेकऱ्यास व नाजूक प्रकृतीच्या माणसास त्रास होतो. हातास जखम असेल, तर मुरलेल्या मातीतील जंतू तीत शिरतात. म्हणून दाट थर आधी पाणी शिंपडून ओला करावा व मग खरवडावा, कोरडा झाडू नये. तोंडास फडके बांधावे, जखम झाकावी, कामानंतर हात साबणाने धुवावेत. बुरशी मारण्यासाठी तीव्र रसायन मातीत ओतू नये. त्याने उपकारक जिवाणूही मरतात. उलट, नव्या मातीत जुन्या मुरलेल्या मातीचा एक गोळा मळावा. दुधास विरजण, तसे हे मातीस विरजण. मात्र गोणपाट ओले ठेवण्यास चुकू नये, कारण वाळलेल्या मातीत मुरण्याचे काम थांबते.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके कच्चे ते सांगितले, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. कच्चे-पक्के ठरते ते आव्यात. परंतु आव्याची आच सोसण्याची तयारी त्याच्या कितीतरी आधी, अंधाऱ्या कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली होत असते. तेव्हा पुढील पावसाळ्यात त्या गोणपाटाखालून वास आला, तर फावडे उचलण्यापूर्वी चिमूटभर माती बोटाभोवती वळून पाहावी. वळी अखंड राहिली, तर ती माती नासली नसून कामास आली आहे, असे समजावे.