चोरी कुठेही, जीप बेड्यावर

घरफोडी कुठेही होवो, पहिली चौकशी पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, ही यवतमाळ जिल्ह्यातल्या फासेपारध्यांची जुनी तक्रार. कारण विचारलं तर ‘रेकॉर्डवरचे आहेत’ हे उत्तर ठरलेलं. या रेकॉर्डचं मूळ १८७१ सालात आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातीच नोंदवून टाकल्या. रोज हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला आणि जमाती विमुक्त झाल्या. मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९मध्ये. त्यात जमात नव्हे, माणूस सराईत ठरतो. ठाण्यातली नजर एवढा बारीक फरक करतेच असं नाही.

विमुक्तांच्या यादीत बंजाराही आहेत, आणि याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. बंजारा तांड्याला पुढारी मिळाला, बेड्याला नाही. माझ्या मते बराचसा फरक तिथेच पडला.

संशय कुठवर नेतो पाहा. २००३च्या एका दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६मध्ये फाशी सुनावली, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठोठावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्याच फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नाही. प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. सोळा वर्षांची!

एका प्रकरणापलीकडे पाहायला आकडे लागतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकसंख्येत सुमारे १३ टक्के आणि तुरुंगांत जवळपास एक तृतीयांश, हे आकड्यांत दिसतं. आपल्या तुरुंगांच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी असे रकाने आहेत, विमुक्तांचा वेगळा नाही. त्यामुळे प्रश्न आहे हे सिद्ध करणंही अवघड.

बाकी काम जामीन करतो. ऐपतदार जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा. गायरानावर पाल ठोकणाऱ्याने तो कुठून आणायचा? ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी रद्द केली आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९प्रमाणे, पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की जातमुचलक्यावर सुटका होते. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. पण एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असली, तर ही सवलत नाही. आणि एकदा उचललं की आजूबाजूचे न उलगडलेले गुन्हेही आपल्याच नावावर टाकतात, ही बेड्यांवरची दुसरी जुनी तक्रार.