चाकांवरचे घर, मुक्कामाची शिस्त

ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार उभारलेल्या चंदीगड शहराच्या सेक्टर 39 मध्ये 1984 साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे, तसाच एक धान्यबाजारही आहे. गहू आणि भाताच्या हंगामात तेथे धान्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊ लागतात. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ट्रॉली हे केवळ मालवाहतुकीचे साधन असते. पंजाबात मात्र हीच ट्रॉली प्रसंगी कुटुंबाचे घर होते.

होळीच्या सुमारास आनंदपूर साहिब येथे ‘होला मोहल्ला’ हा तीन दिवसांचा उत्सव भरतो. तो सुरू करणाऱ्या गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली नांदेड येथे देह ठेवला, म्हणून मराठी मनालाही तो परका वाटू नये. या उत्सवासाठी शेतकरी कुटुंबे ट्रॉलीत गवताचा थर पसरून त्यावर अंथरुणे घालतात, वर ताडपत्री बांधतात, काही जण तर फळ्या टाकून दुसरा मजलाही करतात. शिधा, भांडी, मुलेबाळे, वडीलधारी मंडळी सारी बरोबर! वाटेत लंगर असतोच. पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘कॅराव्हॅन’ म्हणतात, त्याचे हे अस्सल देशी रूप नव्हे काय?

छंदाची संघटना कशी झाली?

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’. आपण त्याला ‘तांडा’ म्हणू. व्यापारासाठी वा उपजीविकेसाठी तांड्याने फिरणे जगभर प्राचीन आहे. परंतु केवळ आनंदासाठी चाकांवरचे घर घेऊन निघण्याची कल्पना तुलनेने नवी. 1885 साली डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यविशारदाने ब्रिस्टल येथे एक घोडागाडी खास बांधून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’ ठेवले आणि तिच्यातून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. पुढे 1907 मध्ये अशा हौशी मंडळींनी इंग्लंडमध्ये ‘कॅराव्हॅन क्लब’ स्थापन केला. 2017 पासून तो ‘कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ या नावाने ओळखला जातो.

या क्लबच्या कार्याचा गाभा म्हणजे आठवड्याच्या अखेरीस भरणारे सभासदांचे मेळावे. शुक्रवारी सायंकाळी एखाद्या शेतात वा शाळेच्या मैदानावर गाड्या येऊन थांबतात आणि रविवारी परततात. सोयी बेताच्याच असतात. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैला रिकामा करण्याची नियत जागा मिळाली की पुरे. मेळाव्याची व्यवस्था सभासदांतूनच पुढे आलेले स्वयंसेवक पाहतात. आगीचा धोका टाळण्यासाठी दोन गाड्यांत सुमारे 6 मीटर अंतर राखले जाते. निघताना मैदान होते तसे सोडून जाणे, हा तर पहिला दंडक!

या शिस्तीला कायद्यानेही मान दिला आहे. ब्रिटनमधील 1960 च्या कॅराव्हॅनविषयक कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटनांना दोन महत्त्वाच्या सवलती मिळाल्या. आपल्या देखरेखीखाली सभासदांचा जास्तीत जास्त 5 दिवसांचा मेळावा त्या स्वतंत्र परवान्यावाचून भरवू शकतात. तसेच एखाद्या शेतकऱ्याच्या जागेला त्या प्रमाणपत्र देऊ शकतात, आणि मग त्या जागेवर एका वेळी 5 गाड्या थांबू शकतात. शासनाने विश्वास टाकला, संघटनेने जबाबदारी घेतली आणि लहान शेतकऱ्याला जोडउत्पन्नाचा मार्ग मिळाला. पत ही अशीच निर्माण होते, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या घरची परंपरा

ही शिस्त परदेशातूनच आणावी लागेल, असे मानण्याचे कारण नाही. आषाढी वारीकडे पाहा. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीबरोबर क्रमांक लावलेल्या दिंड्या चालतात. प्रत्येक दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते, तळावर राहुट्या उभ्या राहतात, स्वयंपाक शिजतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सारे आवरून पुढचा रस्ता धरला जातो.

सायंकाळच्या समाजआरतीची पद्धत तर कोणत्याही संघटनेने अभ्यासावी अशी आहे. चोपदाराने चोप उंचावताच हजारो लोक शांत होतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात आणि त्यानंतरच आरती होते. ‘मुक्काम’ म्हणजे केवळ थांबणे नव्हे, तर ते परस्परांशी आणि त्या गावाशी पाळावयाचे एक बंधन आहे, याचे यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

गाड्या आल्या, तळ कोठे?

आज भारतातही चाकांवरच्या घराचे आकर्षण वाढत आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात गाड्यांबरोबरच पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. त्याच वर्षी केरळने ‘केरव्हॅन केरळ’ योजना जाहीर केली आणि 2022 च्या फेब्रुवारीत वागमोण येथे त्या राज्यातील पहिले कॅराव्हॅन पार्क सुरू झाले.

चंदीगडकरांना तर शिवालिकचा पायथा उंबरठ्याशीच आहे. कसौली, सोलन, सिमला ही ठिकाणे सुटीच्या दोन दिवसांत होण्यासारखी. बँक कर्मचाऱ्यांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा व चौथा शनिवार सुटीचा मिळू लागल्याने आपल्यापैकी अनेकांनी या रस्त्याचा अनुभव घेतला असेल. परंतु याच रस्त्यांच्या कडेला पडलेला कचराही आपण पाहिला असेल. हिमाचल प्रदेश शासनाने एप्रिल 2025 च्या अखेरीपासून टॅक्सी, बस इत्यादी प्रवासी वाहनांत कचरापेटी सक्तीची केली आणि ती नसल्यास 10,000 रुपये दंड ठेवला. जे काम स्वयंशिस्तीने व्हावयास हवे, ते दंडाने करावे लागत आहे. चाकांवरच्या घरात तर कचऱ्याबरोबर सांडपाणी आणि मैलाही असतो. तो कोठे रिता करावयाचा, हे आधी ठरले नसेल तर त्याची किंमत डोंगरातील एखादे गाव आणि त्याचा झरा मोजतो.

हौस करण्यापूर्वी

ज्या ग्राहकांना ही हौस करावयाची आहे, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना. स्वतःची गाडी घेण्यापूर्वी एक-दोनदा भाड्याची गाडी घेऊन अनुभव घ्यावा. वर्षातील बहुतेक दिवस उभ्या राहणाऱ्या वाहनाचा हप्ता मात्र दरमहा चालूच असतो. जुन्या व्हॅनचे परस्पर घरात रूपांतर करू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा वाहनाच्या मूळ रचनेतील बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. मोटर कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-124’ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार प्रमाणित झालेले वाहनच घ्यावे. वाहन बँकेकडे तारण असल्यास कोणत्याही बदलापूर्वी शाखेला आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दावा अमान्य झाला, तर वाहन जाते आणि कर्ज मात्र उरते.

ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनीही या विषयाकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून अस्तित्वात आहे. पाण्याची सोय, विजेची जोडणी, शोषखड्डा, स्वच्छतागृह आणि चार-पाच गाड्यांपुरती सपाट जागा, एवढ्या भांडवलावर आरंभ होऊ शकतो. स्थानिक परवानग्या आणि खर्चाचा अंदाज घेऊन आपल्या शाखेशी अवश्य चर्चा करावी.

वाचकहो, चार कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्यातील एक शनिवार-रविवार ठरवावा. एकाने पाण्याची, दुसऱ्याने कचऱ्याची, तिसऱ्याने हिशेबाची जबाबदारी घ्यावी आणि जागामालकाचे पैसे निघण्यापूर्वी चुकते करावेत. इंग्लंडमधील क्लबचा प्रारंभही मूठभर हौशी माणसांनीच केला होता. गाडी भाड्याने मिळेल, कर्जाऊही मिळेल. परंतु ‘पुन्हा या’ असे गावकऱ्यांनी आपणहून म्हणावे, ही पत आपल्या वागणुकीनेच कमवावी लागते.