गोल्फच्या आठ पिढ्या आणि एक पिळणारा दांडा

मार्च 1974 मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे फोक्सवॅगनने ‘गोल्फ’ या मोटारीचे उत्पादन सुरू केले, तेव्हा ज्या रचनेवर ही कंपनी उभी राहिली होती तिलाच तिने रामराम ठोकला. तिच्या जुन्या ‘बीटल’ मोटारीचे इंजिन मागे होते, ते हवेने थंड होई आणि मागची चाके फिरवी; गोल्फचे इंजिन मात्र पुढे आले, पाण्याने थंड होऊ लागले आणि पुढची चाके ओढू लागले. इटालियन रचनाकार जोर्जेत्तो जुजारो यांनी तिला सरळ रेषांचा बाह्याकार आणि मागच्या दाराशेजारचा रुंद खांब दिला. हा खांब पुढच्या पिढ्यांतही तिची ओळख बनून राहिला.

मागचे दार काचेसकट वर उघडते आणि डिकी व प्रवाशांची जागा यांच्यामध्ये पक्की भिंत नसते, अशा गोल्फसारख्या मोटारीला हॅचबॅक म्हणतात. परंतु या प्रकारच्या यशाचे खरे रहस्य बोनेटखाली आहे. इंजिन मोटारीच्या लांबीच्या दिशेने न बसवता आडवे बसवले, तर त्याला लागणारी लांबी बरीच कमी होते आणि ती जागा प्रवाशांच्या पायांसाठी मोकळी होते. ॲलेक इसिगोनिस यांनी 1959 च्या ‘मिनी’त हे साधले, मात्र गिअरबॉक्स इंजिनच्या खाली ठेवल्याने दोघांना एकच तेल वापरावे लागे. दान्ते जाकोसा यांनी ‘ऑटोबियांकी प्रिमुला’ (1964) आणि ‘फियाट 128’ (1969) या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनच्या टोकाला जोडला आणि त्यामुळे दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या लांबीत पडणारा फरक स्वीकारला. गोल्फने हीच मांडणी घेतली, आणि भारतात 1983 साली आलेल्या मारुती 800 चे इंजिनही आडवेच होते.

गोल्फच्या मागच्या चाकांची व्यवस्था त्याहूनही कल्पक होती, जरी तिची चर्चा फारशी होत नाही. दोन्ही मागची चाके मागे वळलेल्या दोन भुजांच्या टोकांना असतात, भुजांची पुढची टोके रबरी सांध्यांनी मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली असतात आणि या दोन भुजांना एक आडवा दांडा एकत्र बांधतो. या दांड्याचा छेद बंद नळीसारखा नसून एका बाजूने उघडा असतो. अशा आकाराचे पोलाद वाकायला कठीण, परंतु पिळायला तुलनेने सोपे असते. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली, तर भुजा सारख्याच उचलल्या जातात आणि दांडा न पिळता त्यांच्याबरोबर फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेले किंवा वळणावर मोटार एका अंगाला कलू लागली, तर दांड्याला पीळ बसतो आणि तो त्या कलण्याला विरोध करतो. वेगळा सुटा भाग न लावता मिळणारा हा गुण स्वस्त आहे, हलका आहे आणि डिकीची जागाही खात नाही. उणीव एवढीच की दोन्ही चाके परस्परांपासून पूर्णपणे मुक्त होत नाहीत आणि जोराच्या वळणावर रबरी सांधे दबून चाकांची दिशा किंचित बदलते.

गोल्फची 1983 ची दुसरी पिढी जवळजवळ चार मीटर लांब झाली, 1991 च्या तिसरीने ती मर्यादा ओलांडली आणि पहिल्या पिढीची सुमारे 3.7 मीटरची लांबी आठवीपर्यंत जवळपास 4.28 मीटरवर पोहोचली. ही वाढ केवळ हौसेची नव्हती. टकरीत वाहनाची गतिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पुढचा भाग ठरवून चुरगळू दिला आणि प्रवाशांचा कक्ष ताठ ठेवला, तर शरीराला बसणारा धक्का अधिक काळात विभागला जाऊन सौम्य होतो. त्यासाठी लांबी लागते, जाड पोलाद लागते आणि त्यात एअरबॅगची भर पडते. वजन वाढले की मोठे ब्रेक आणि जोरदार इंजिन हवे, आणि त्यांनी वजन आणखी वाढते. पहिली गोल्फ 800 किलोच्या आसपास होती, तर पाचव्या पिढीच्या साध्या आवृत्त्याही 1100 किलोंच्या पुढे गेल्या.

‘फोर्ड फोकस’ने 1998 मध्ये प्रत्येक मागच्या चाकाला अनेक दुव्यांनी स्वतंत्रपणे धरणारी व्यवस्था या वर्गात आणली आणि पाचव्या गोल्फने 2003 मध्ये तिचा स्वीकार केला, तेव्हा पिळणाऱ्या दांड्याचे दिवस भरले असे वाटणे साहजिक होते. परंतु 2012 च्या सातव्या पिढीत, तापवून साच्यात दाबलेल्या अतिबळकट पोलादाचा वापर वाढवून आणि अनेक मॉडेलांना सामायिक असा नवा पाया घेऊन, अभियंत्यांनी वजन 100 किलोपर्यंत घटवले आणि कमी शक्तीच्या आवृत्त्यांना तोच जुना दांडा परत बसवला. टकरीतील सुरक्षिततेशी तडजोड न करता वजनाचे चक्र उलटे फिरवणारी ही पिढी पहिलीच्या खालोखाल महत्त्वाची मानली पाहिजे, जरी कौतुक बहुधा वेगवान ‘जीटीआय’ आवृत्तीच्या वाट्याला येते.

गोल्फ मोठी होत गेल्याने खालची जागा तिच्या धाकट्या भावंडाने, ‘पोलो’ने, व्यापली. पुण्याजवळच्या चाकण येथे 2009 ते 2022 या काळात तयार झालेली पोलो सुमारे 3.97 मीटर लांब, म्हणजे पहिल्या गोल्फपेक्षाही मोठी होती. आणि भारतात चार मीटरच्या आत राहण्याचा फायदा भौतिकशास्त्राचा नव्हता, तर 2006 पासून छोट्या मोटारींना अबकारी करात मिळणाऱ्या सवलतीचा होता.