पवळा : बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई

आमच्याकडे एखादी मुलगी जरा मोठ्याने हसली की घरातली म्हातारी माणसे चटकन म्हणतात, "काय तमाशावालीनामायक हासी ऱ्हायनी!" लहानपणापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यातली तमाशावाली म्हणजे कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. यात्रेत तंबू लागे, रात्रभर ढोलकीचा आवाज घरापर्यंत येई. पण तंबूत पुरुष जात आणि आम्ही मुली अंथरुणात पडून ऐकत असू. लोकसाहित्याच्या तासाला पवळेचे नाव प्रथम कानावर आले आणि मग मात्र तो प्रश्न पाठ सोडीना.

तमाशाच्या बोर्डावर बाई सुरुवातीपासून नव्हती. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग अशी तमाशाची सर्वसाधारण बांधणी सांगितली जाते. गवळणीत राधा हवी आणि लावणीत तर बोलणारीच बहुधा स्त्री. तरीही ढोलकीच्या फडात ही कामे पुरुषच करीत. लुगडे नेसून, पायात चाळ बांधून नाचणाऱ्या पोराला 'नाच्या' म्हणत. आपल्या खानदेशी तमाशात तर असे लुगडे नेसून नाचणारे पुरुष जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. बायका नाचत-गात त्या संगीत बारीत. ती रीत निराळी. ढोलकीच्या तमाशात सोंगाड्यासमोर आणि हलगी-ढोलकीच्या तालावर बाई उभी राहिली ती पवळेच्या रूपाने, असे मानले जाते.

पवळा तबाजी भालेराव हिचा जन्म १२ ऑगस्ट १८७० रोजी संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा ह्या गावी एका महार कुटुंबात झाला. तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले होते. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावून दिलेली मुलगी. वाघ्यांबरोबर घोळ घेऊन जागरणात गाणे-नाचणे हे तिचे आयुष्यभराचे काम. माणसाशी लग्न नाही, संसार नाही. ही गोष्ट नीट लक्षात घेतली म्हणजे पवळेचे बोर्डावर येणे समजू लागते. गरत्या बाईला चार लोकांत नाचायची बंदी होती, कारण तिला संसार होता आणि तो मोडण्याचे भय होते. मुरळीचा संसार समाजाने आधीच काढून घेतलेला. शिवाय रात्र-रात्र लोकांपुढे उभे राहून गाण्याची सवय जागरणाने मुरळीच्या अंगी मुरवलेली. ज्या रूढीने तिला घराबाहेर काढले, त्याच रूढीने तिला बोर्डाची वाटही दाखवली.

पुढे तिची आणि पट्ठे बापूरावांची जोडी जमली. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. सांगली जिल्ह्यात वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे हे ब्राह्मण शाहीर, जन्म ११ नोव्हेंबर १८६६. सोवळे-ओवळे सोडून आणि जातभाईंचा रोष पत्करून ते फडात शिरले. ब्राह्मण कवी आणि महार नर्तकी ही जोडी त्या काळात केवढी खळबळजनक वाटली असेल! मुंबईत ह्या फडाला प्रेक्षक लोटले. १९०८-०९ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांपुढे ह्या जोडीने 'मिठाराणी'चा वग केला.

बाई आल्याने तमाशात काय बदलले? नाच्या हा बाईची नक्कल करी. तो जितका बेमालूम, तितकी त्याला दाद. पवळा उभी राहिली आणि नकलेची गरजच संपली. आता दाद मिळायची ती गळ्याला, पदन्यासाला, अदाकारीला. बाईच्या मुखातून निघणारा लावणीतला विरह, रुसवा, लाडीगोडी प्रथमच खरोखरीच्या बाईच्या आवाजात आली. मात्र शब्द पुरुषाचेच होते, हेही विसरता येत नाही.

याच काळात शहरातील रंगभूमीकडे पाहावे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली आले. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व ह्यांनी स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राला वेड लावले. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या. पण स्त्री आणि पुरुष एकत्र काम करतात हे पांढरपेशा प्रेक्षकाला पचायला फार दिवस लागले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली, ह्याची आपण मोठी नोंद घेतो. ती घ्यावीच. परंतु हिवरगावच्या मुरळीने हे काम त्याच्या कितीतरी आधी केले होते, त्याची नोंद त्याच पानावर का नसावी?

पवळेचे नुसते कौतुक करून थांबले तर ते अर्धेच होईल. १९०८ साली शिवराम जानबा कांबळे ह्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले आणि मुरळ्या सोडण्याच्या रूढीविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे एका बाजूला पवळेचा फड गाजत होता आणि त्याच वेळी तिच्याच समाजातले सुधारक सांगत होते की आपल्या मुली देवाला वाहू नका. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. प्रथम वाचताना मला हा पवळेचा अपमान वाटला. पुन्हा विचार केला तेव्हा कळले की हा नकार तिच्या कलेला नव्हता. तिच्यापुढे दुसरी वाट ठेवली गेली नव्हती, त्या व्यवस्थेला तो नकार होता. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला तो १९३४ मध्ये. तेव्हा पवळेने साठी ओलांडली होती.

६ डिसेंबर १९३९ रोजी पवळा वारली. बापूराव तिच्यामागे सहा वर्षांनी, २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात गेले. १९५० साली ह्या कथेवर चित्रपट निघाला. त्याचे नाव 'पट्ठे बापूराव'. अभ्यासकांनीही पुष्कळ दिवस पवळेला बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणूनच पाहिले. अलीकडे हे बदलते आहे. पुण्यात वाढलेल्या इतिहाससंशोधक शैलजा पाईक ह्यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना पवळेला स्वतंत्र स्थान दिले आहे.

पवळेनंतर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आल्या, कांताबाई सातारकर आल्या. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे ह्यांच्या नावाने तर स्वतंत्र फड उभा राहिला. जिथे बाईचे काम बाईला मिळत नव्हते, तिथे बाई फडाची मालकीण झाली. ह्या सगळ्या वाटेवरचे पहिले पाऊल चाळ बांधलेले होते आणि ते पवळेचे होते.

यंदा यात्रेत तंबू लागेल तेव्हा मी पुन्हा घरातूनच ढोलकी ऐकेन, की आत जाऊन बसेन, हे आज सांगता येत नाही. पण मोठ्याने हसल्यावर घरातून ते जुने वाक्य कानी आले, तर आता मी मान खाली घालणार नाही. "तमाशावाली म्हणजे कोण, सांगू का?" असे विचारून पवळेची गोष्ट सांगायला बसेन.

— द्वितीय वर्ष, कला