‘कार्ड आत ठेव आणि रिस्टार्ट मार’

हिंजवडीत लिनक्स जाणणाऱ्यांची वानवा नाही. दिवसभर आयटी पार्कच्या फेज एक ते तीनमध्ये हीच मंडळी लिनक्सचे सर्व्हर सांभाळतात. संध्याकाळी पीजीवर येऊन स्वतःच्या लॅपटॉपमध्ये एसडी कार्ड घालतात, ते दिसत नाही, आणि शेजारच्या कॉटवरून ठरलेला सल्ला येतो : ‘लिनक्समध्ये कार्ड रीडरचा ड्रायव्हरच नसतो. कार्ड आत ठेव आणि रिस्टार्ट मार.’ रिस्टार्टनंतर कार्ड दिसतं, म्हणून सल्लाही खरा ठरतो.

अरे, ड्रायव्हर नसता तर रिस्टार्टनंतर तरी कार्ड कसं दिसलं असतं? एवढा साधा प्रश्न कुणालाच का पडत नाही?

बऱ्याच लॅपटॉपांत रीडरची चिप रिअलटेकची असते. पीसीआय एक्सप्रेसवरच्या चिपांचा ड्रायव्हर रिअलटेकनेच लिहून दिला आणि २०१३ मध्ये आलेल्या कर्नल ३.८ पासून तो कर्नलमध्येच आहे. यूएसबीवाल्यांचा २०१४ मध्ये आला. पीसीआय एक्सप्रेसवाल्यांची खात्री करायची असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवा. रीडरच्या नावाखाली ‘आरटीएसएक्स’ किंवा ‘एसडीएचसीआय’ने सुरू होणारं ड्रायव्हरचं नाव दिसेल.

बिघाड असतो तो वर्दी पोचण्यात. कार्ड सरकवलं की स्लॉटमधली बारीक कळ दाबली जाते, चिप इंटरप्ट देते, कर्नल कार्डाशी बोलतो आणि मग उपकरणांची दखल घेणाऱ्या युडेवला कळवतो. पण रिकामा रीडर बॅटरी वाचवण्यासाठी झोपवलेला असतो. त्याने झोपेतूनही वर्दी द्यावी अशी अपेक्षा असते; काही लॅपटॉपांचं फर्मवेअर याबाबतीत कच्चं असतं. बूट होताना मात्र कर्नल जनगणनेच्या गुरुजींसारखा स्वतः दारोदार फिरतो, म्हणून तेव्हा कार्ड सापडतं.

तेव्हा आधी वर्दी कुठे अडते ते बघा. टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेग’ आज्ञा ‘डब्ल्यू’ पर्यायासह चालू ठेवा आणि कार्ड घाला. नवी ओळ उमटली तर हॉटप्लग, म्हणजे चालू लॅपटॉपला नवं कार्ड कळणं, ठणठणीत आहे, दोष पुढे कुठेतरी. नाही उमटली तर चार्जर लावून पुन्हा घाला, कारण टीएलपीसारखी वीज वाचवणारी साधनं बॅटरीवर असताना उपकरणं जास्त झोपवतात. कर्नलच्या सिसएफएस या फाइलव्यवस्थेत रीडरच्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते. कर्नलच्या दस्तऐवजांनुसार तिच्यात ‘ऑटो’ म्हणजे झोपायला परवानगी, ‘ऑन’ म्हणजे मनाई. रूट होऊन ‘ऑन’ लिहा, कार्ड काढून परत घाला. दिसलं? मग टीएलपीच्या यादीतून रीडर वगळा. विषय संपला.

काही लॅपटॉपांवर नुसतं ‘एलएसपीसीआय’ चालवलं की कार्ड प्रकट होतं आणि लोक त्याला जादू समजतात. ती आज्ञा प्रत्येक उपकरणाची माहिती वाचते. वीज तोडलेल्या उपकरणाला त्यासाठी कर्नलला उठवावंच लागतं. जादू कसली, हा तर झोपेचाच पुरावा. क्वचित रिकामा रीडर ‘एलएसपीसीआय’च्या यादीतूनच गायब असतो, कारण फर्मवेअर त्याला पुरता बंद करून टाकतं. अशा वेळी पीसीआय बसच्या ‘रीस्कॅन’ फाइलमध्ये १ लिहून बघा. रिस्टार्टपेक्षा ते केव्हाही बरं.

रीडर काही केल्या यादीत येतच नसेल तर लॅपटॉप कुठून घेतला ते आठवा. कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड स्वस्तात मिळतात, आणि डेटा बाहेर जाऊ नये म्हणून अनेक कंपन्या कार्डाचा स्लॉट बायोसमधूनच बंद ठेवतात. डिस्क फॉरमॅट करून ही सेटिंग जात नाही. थिंकपॅडवर ती ‘सिक्युरिटी’खाली ‘आय/ओ पोर्ट अ‍ॅक्सेस’मध्ये सापडते. बायोसला जुना पासवर्ड असेल तर विकणाऱ्याला गाठा; इथे कर्नलला शिव्या देऊन काही होणार नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘६४ जीबीचं कार्ड लिनक्सला चालत नाही’ : ३२ जीबीवरची कार्डं एसडी असोसिएशनच्या नियमाप्रमाणे एक्सफॅटमध्ये येतात, आणि २०२० च्या कर्नल ५.७ पासून सॅमसंगचा एक्सफॅट ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’त कार्ड दिसत असेल तर ते सापडलेलं आहे, अडलंय फक्त माउंट. ‘युडेवचा नियम लिहिला की कार्ड ओळखलं जाईल’ : युडेवला खबर कर्नलच देतो, कर्नलच गप्प असेल तर नियम काय करणार? ‘कार्डाचं लॉक सरकलं की कार्ड दिसत नाही’ : दिसतं, फक्त लिहिता येत नाही. ‘यूएसबी रीडर मंद आहे’ : त्यातले बरेच स्वतःहून काही सांगत नाहीत, कर्नललाच विचारत राहावं लागतं, आणि युडेव तो अवधी सहसा दोन सेकंदांचा ठेवतो. ‘हॉटप्लग आहे, मग कार्ड कधीही उपसा’ : कार्ड गेल्याचं कर्नलला कळतं, इतकंच, रॅममध्ये थांबलेले, अजून लिहायचे राहिलेले फोटो कार्डाबरोबर जात नाहीत. आधी अनमाउंट करा.