बंद घराचा विमा : काही जाणून घेण्याजोग्या गोष्टी

बडोद्यातील मराठी माणसाच्या जीवनात घराला मोठे स्थान आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी दांडिया बाजार, रावपुरा या भागांत घरे उभारली. पुढच्या पिढ्यांनी कारेलीबाग, अलकापुरीकडे बंगले बांधले. आज यांतील कितीतरी घरांत संध्याकाळी दिवा लागत नाही. मुले परदेशी वा पुण्या-बंगळूरला असतात, आई-वडील वर्षातील चार-सहा महिने त्यांच्याकडे जातात. काही घरे तर वडीलधारी मंडळी निवर्तल्यापासून कुलूपबंदच आहेत.

विम्याच्या नुकसानीचे सर्वेक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली. आपल्या मंडळातील डॉक्टर मित्र मला नेहमी विचारतात, "घराचा विमा तर आहेच, मग कुलूप लावून गेलो म्हणून काय बिघडले?" या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देण्याचा प्रयत्न करतो.

बंद घराची जोखीम वेगळी का ?

राहत्या घरात वायर जळाल्याचा वास पाच मिनिटांत येतो आणि कोणीतरी मेन स्विच बंद करते. बंद घरात तीच ठिणगी खिडकीतून धूर दिसेपर्यंत कोणाला कळत नाही. गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह निकामी झाला, तर राहत्या घरात फरशी पुसून भागते, पण बंद घरात पाणी आठवडाभर झिरपत राहते. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे, तर रोग तोच असतो, परंतु निदान उशिरा झाल्यामुळे तो बळावतो. विमा कंपनी याच कारणाने घरात माणसे राहतात की नाही हे महत्त्वाचे मानते.

प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत यासंबंधी स्पष्ट अट होती. इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ निर्मनुष्य राहिली आणि नुकसान होण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती पॉलिसीवर नोंदवून घेतली नसेल, तर त्या मालमत्तेपुरते विम्याचे संरक्षण संपुष्टात येत असे. गृहकर्जाबरोबर घेतलेली जुनी दीर्घ मुदतीची पॉलिसी आपल्याकडे असल्यास ती अट आजच काढून वाचावी.

'भारत गृह रक्षा' काय देते ?

१ एप्रिल २०२१ पासून निवासी घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. आग, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे अथवा भरून वाहणे, इत्यादी संकटांचा तिच्यात समावेश आहे. २६ जानेवारी २००१ चा भूकंप आणि जुलै २०१९ व ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात शिरलेले विश्वामित्रीचे पाणी ज्यांनी अनुभवले, त्यांना या यादीचे मोल सांगावयास नको.

विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जमिनीची किंमत तिच्यात धरली जात नाही, कारण जमीन जळत नाही की कोसळत नाही. उदाहरणार्थ, घराचे चटई क्षेत्र १,२०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २,००० रुपये धरला, तर विम्याची रक्कम २४ लाख रुपये होते. घरातील सर्वसाधारण सामानाला या रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. आपल्या उदाहरणात ते ४ लाख ८० हजार होईल. दागिने व कलावस्तू मात्र यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि बंद घरात दागिने ठेवूच नयेत हे उत्तम.

या पॉलिसीतही घराच्या वापरात वा परिस्थितीत बदल झाल्यास तो कंपनीस कळविणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. तसेच वाळवी, ओल, जुनाट लाकूड कुजणे यांसारखी हळूहळू होणारी झीज विम्यात बसत नाही. बंद घराचे सर्वाधिक नुकसान याच कारणांनी होते, आणि त्यावर देखभालीखेरीज दुसरा उपाय नाही.

चोरीविषयीचा गैरसमज

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. 'भारत गृह रक्षे'च्या मूळ संरक्षणात चोरी येते ती फक्त आग, पूर यांसारख्या विमित संकटानंतर सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण जोडून घ्यावे लागते. घर किती दिवस बंद राहिल्यास ते लागू राहत नाही, याची मर्यादा कंपनीगणिक बदलते. ती आपल्या पॉलिसीत पाहावी आणि अधिक काळ जावयाचे असल्यास आधीच वाढवून घ्यावी.

शिवाय घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून झालेली चोरी. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीच्या व्याख्येवर बोट ठेवून सांगितले की बळ वा हिंसेचा वापर नसल्यास अशा पॉलिसीखाली दावा टिकत नाही. म्हणजे शेजारी ठेवलेल्या किल्लीने कोणी शांतपणे दार उघडून सामान नेले, तर चोरी खरी असूनही भरपाई मिळणे कठीण.

डॉक्टरांच्या घरांची विशेष बाब

आपल्यापैकी अनेकांचे खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड असे घर असते. 'भारत गृह रक्षा' ही निवासासाठी आहे. दवाखान्याची यंत्रे, औषधे, फर्निचर हे व्यवसायाचे सामान ठरते व त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही योजना उपलब्ध आहे. निवृत्तीनंतर दवाखाना बंद केल्यास ऑक्सिजनचे सिलिंडर, स्पिरिट, जुन्या औषधांचे खोके तेथे पडून राहू देऊ नयेत, आणि बदललेला वापर कंपनीस कळवावा.

वडिलांच्या नावाची पॉलिसी त्यांच्या पश्चात तशीच चालू ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. दाव्याच्या वेळी वारस तीन देशांत आणि कागदपत्रे बंद घराच्या कपाटात, अशी अवस्था होते. मालमत्तेवर वारसांची नावे लागताच पॉलिसीतही ती लावून घ्यावीत.

जाण्यापूर्वी

१. घर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद राहील हे कंपनीस लेखी कळवावे आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

२. मेन स्विच, गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

३. प्रत्येक खोलीची छायाचित्रे व सामानाची यादी करून, पॉलिसीच्या प्रतीसह मुलांकडे ई-मेलने पाठवून ठेवावी.

४. आठवड्यातून एकदा घर उघडून पाहणारा विश्वासू माणूस नेमावा व त्याच्या फेऱ्यांची नोंद वहीत ठेवावी. ही साधी वही "वाजवी काळजी घेतली" याचा पुरावा ठरते.

५. कंपनीशी पत्रव्यवहार करण्याचे अधिकारपत्र शहरातील एखाद्या नातलगाच्या नावे देऊन ठेवावे.

नुकसान झाल्यास

कंपनीस तत्काळ कळवावे. चोरी असल्यास एफआयआर नोंदवावा, आग असल्यास अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा. सर्वेक्षक येईपर्यंत मोडतोड हलवू नये. एका पुरानंतर मालक परदेशी असताना सज्जन शेजाऱ्यांनी चिखल उपसला, भिजलेले फर्निचर भंगारात दिले, घर चकचकीत केले. मी पोहोचलो तेव्हा पाहण्यासारखे काहीच उरले नव्हते, छायाचित्रेही नव्हती. भिंतीवरील पाण्याच्या रेषेवरून जेवढे सिद्ध झाले, तेवढीच भरपाई त्यांना मिळाली. आरोग्यासाठी सफाई तातडीची असेल, तर आधी छायाचित्रे घ्यावीत.

दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास वा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आपल्या भागासाठी हे कार्यालय अहमदाबादेस आहे.

येत्या सुटीत परदेशी जाणाऱ्या सभासदांनी तिकिटे व व्हिसा यांच्या जोडीने घराची पॉलिसीही एकदा टेबलावर काढावी. 'निर्मनुष्य' अथवा 'अनऑक्युपाइड' हा शब्द कोठे आला आहे ते शोधावे, आणि त्यापुढील दिवसांचा आकडा आपल्या परतीच्या तारखेशी ताडून पाहावा. या कामास अर्धा तासही लागत नाही.